वाघ दिसणं वेगळं, वाघाचा माग लागणं वेगळं

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे' जमेल तितके काढलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.)

पुंडलिकनगरमधून बोलतोय, छत्रपती संभाजीनगर. मागून कुकरची शिट्टी किंवा भाजीवाल्याचा भोंगा ऐकू आला तर सांभाळून घ्या, आपला स्टुडिओ म्हणजे बेडरूम आणि साउंडप्रूफिंग म्हणजे गादी.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. घरातलं कोणीतरी आफ्रिकेत सफारी करून आलं, भरपूर सिंह बघून आलं. आणि याचा प्रश्न असा: "दादा, एवढ्या मोठ्या रानात गाइडला बरोबर सिंह सापडतो कसा? प्रत्येक सिंहाला जीपीएस लावलेला असतो का?"

प्रश्न भारी आहे. छोटं उत्तर: नाही, बहुतेक सिंहांच्या गळ्यात काहीही नसतं. मोठं उत्तर हा आख्खा भाग आहे, आणि त्यातला बराचसा आफ्रिकेत नाही, आपल्या इथे घडतो. गौताळा, बुलढाणा, जुन्नर, आणि हो, उल्कानगरी.

आधी आफ्रिका उरकून घेऊ. तिथल्या गाइडचं काम थोडं सोपं असतं, कारण सिंह उघड्या गवताळ रानात राहतो, कळपाने राहतो आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवा पडून असतो. कळपाचा इलाका ठरलेला. त्यामुळे काल संध्याकाळी जिथे दिसला तिथून आज सकाळी शोध सुरू होतो. रात्री डरकाळी कुठून आली हे गाइड लक्षात ठेवतो, शांत हवेत ती आठ किलोमीटरपर्यंतही ऐकू जाते. जिराफ, झेब्रे एकाच दिशेला टक लावून उभे असतील तर तिकडे काहीतरी आहे. गिधाडं खाली उतरत असतील तर शिकार झालेली असू शकते. वर गाड्या एकमेकींशी वायरलेसवर बोलत असतातच. दक्षिण आफ्रिकेतल्या बऱ्याच खासगी अभयारण्यांत तर जीपच्या बॉनेटवर पुढे एक खुर्ची बसवलेली असते. तिच्यावर बसणारा माणूस म्हणजे ट्रॅकर. त्याची नजर समोर नसते, खाली मातीवर असते.

त्या ट्रॅकर लोकांची एक गोष्ट मला सॉफ्टवेअरवाला म्हणून फार आवडते. १९९० च्या दशकात लुई लीबेनबर्ग नावाच्या दक्षिण आफ्रिकन संशोधकाने 'सायबरट्रॅकर' नावाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं. अडचण अशी की जे ट्रॅकर मातीवरची खूण बघून जनावराची आख्खी हकिगत सांगायचे, त्यांच्यातल्या काहींना लिहितावाचता येत नव्हतं. मग स्क्रीनवर अक्षरं ठेवलीच नाहीत. चित्रं ठेवली. गेंड्याचं चित्र, चरतानाचं चित्र, पाणी पितानाचं चित्र. बोटाने टिचकी मारायची, ठिकाणाची नोंद जीपीएस घेणार. त्या वेळच्या हाताएवढ्या पामटॉपवर हे चालायचं. आपण आज 'यूझर फ्रेंडली' म्हणून जे मिरवतो ना, ते या लोकांनी तेव्हा करून दाखवलं होतं. आपल्याकडे २०१० पासून व्याघ्र प्रकल्पांत 'एम-स्ट्राइप्स' नावाची यंत्रणा आली. आज वनरक्षक गस्तीवर निघताना तिचं ॲप फोनवर सुरू करतो, चाललेली वाट नोंदली जाते, दिसलेले ठसे, विष्ठा, फासे, तोडलेली झाडं सगळं त्यात जातं. विचार तोच.

आता घरी येऊ.

जुलै २०२४ आठवतोय? उल्कानगरीतल्या सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. पुंडलिकनगरहून गाडीवर दहा मिनिटं. त्यानंतर पुढचे काही दिवस शहरातले सगळे व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे बिबट्याचं लाइव्ह लोकेशन झाले होते. सूतगिरणी चौकात दिसला, शिवाजीनगरला दिसला, आमच्या गल्लीत दिसला, आमच्या गच्चीवर दिसला. ते सगळं जोडलं तर बिबट्याने बुलेट ट्रेनच्या स्पीडने शहर पालथं घातलं असतं. त्याच्याही आधी, डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोच्या एन-१ मध्ये बिबट्या शिरला होता. त्याला बेशुद्ध करून पकडलं, तेव्हाही बघ्यांची ही गर्दी.

इथे मला जे सांगायचंय ते सांगून टाकतो. सीसीटीव्हीतली क्लिप म्हणजे एक बिंदू. या वेळी, या ठिकाणी, एक जनावर होतं. बस, एवढंच. ते कुठून आलं, कुठे चाललंय, रोज येतं का वाट चुकलंय, यातलं काहीच त्या बिंदूत नसतं. माग काढणं म्हणजे बिंदूंची रेषा करणं. आणि आपण पिंजरा लावा, पकडा, लांब नेऊन सोडा अशा मागण्या बिंदू बघून करतो. रेषा बघितली की मागणी बदलते. कशी ते बघू.

सगळ्यात जुनी पद्धत म्हणजे पंजाचे ठसे, पगमार्क. हे तुम्हालाही जमेल. शेताच्या बांधावर, ओढ्याच्या वाळूत, फुफाट्यात बघा. चार बोटं आणि मागे गादी. नखं उमटलीत का? कुत्रा, कोल्हा, तरस यांची नखं बाहेरच असतात, ती मातीत टोचतात. वाघ, बिबट्या, रानमांजर चालताना नखं आत ओढून घेतात, त्यामुळे ठशात सहसा नखं नसतात. दुसरी खूण गादीची. मांजरकुळाच्या गादीची मागची कड तीन भागांत विभागलेली दिसते. बिबट्या म्हणून व्हायरल झालेले निम्मे ठसे या दोन कसोट्यांवरच गळून पडतील, पैज लावतो. निखळ गावठी कुत्रा असतो तो.

पण खरा ट्रॅकर 'कोणाचा ठसा' इथे थांबत नाही, 'कधीचा ठसा' विचारतो. ठशाची कड धारदार आहे की वाऱ्याने बोथट झालीय? ठशाच्या आत दवाच्या थेंबांचे बारीक खळगे आहेत का? असतील तर जनावर दव पडायच्या आधी गेलं. ठशावरून किड्याची रांगोळी गेलीय का? मग ठसा किड्याच्या आधीचा. ट्रॅक्टरच्या टायरवर ठसा आहे की ठशावर टायर? शेतकऱ्याला विचारा ट्रॅक्टर किती वाजता गेला, झाला टाइमस्टॅम्प. मला तर हे सर्व्हरचे लॉग वाचण्यासारखं वाटतं. कोणती ओळ कोणत्या ओळीच्या आधी पडली, एवढ्यावरून आख्खी घटना उभी करायची.

आणि कानही लागतात. जंगलात गेलेल्यांना माहितीय, गाइड मध्येच गाडी बंद करतो आणि म्हणतो, "कॉल आला." झाडावरून वानर खाकरल्यासारखं ओरडतं, चितळ शिट्टीसारखी हाक देतं, सांबर 'ढाँक' करतं. वानर उंचावर बसून जनावर प्रत्यक्ष बघत असतं म्हणून त्याच्यावर विश्वास जास्त. चितळ कधी कधी उगाचच घाबरतं. म्हणजे सोर्स बघून भरवसा ठेवायचा, जे आपण फॉरवर्डच्या बाबतीत करत नाही.

मग ठशांवरूनच वाघ मोजता येतील की! अगदी हेच आपल्या देशाने केलं. १९७२ मध्ये देशभर पहिली व्याघ्रगणना झाली ती ठशांवर. काचेवर ठसा गिरवायचा, प्लॅस्टरचा साचा घ्यायचा, आणि हा वाघ वेगळा, तो वाघ वेगळा असं ठरवायचं. कल्पना चांगली, पण एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत वेगळा, धुळीत वेगळा, पळताना वेगळा. मोजणारा बदलला की वाघ बदलतो. याची सगळ्यात मोठी नाचक्की राजस्थानात सरिस्कामध्ये झाली. कागदावर डझनाहून जास्त वाघ होते आणि २००५ च्या सुरुवातीला लक्षात आलं की रानात एकही नाही. शिकाऱ्यांनी संपवले होते. कागदावरचे वाघ तेवढे जिवंत होते.

त्यानंतर पद्धत बदलली आणि कॅमेरा ट्रॅप आले. झाडाच्या बुंध्याला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, डबा बांधलेला असतो. आत उष्णता ओळखणारा सेन्सर. समोरून अंगात ऊब असलेलं काही हललं की फोटो. वाघाचे पट्टे म्हणजे आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे, दोन वाघांचे सारखे नसतात. बिबट्याच्या ठिपक्यांचंही तेच. सिंहाला पट्टेही नाहीत, ठिपकेही नाहीत, मग आफ्रिकेत त्याच्या मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांची मांडणी बघून ओळखतात. एक गंमत अशी की वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. एकच लावला तर एकाच वाघाचे दोन वाघ होतील.

२०१८ च्या व्याघ्रगणनेत देशात २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले. जवळपास साडेतीन कोटी फोटो निघाले. त्यात वाघाचे फोटो किती? ७६,६५१. बिबट्याचे ५१,७७७. बाकी गाई, म्हशी, हरणं, माणसं, वाऱ्याने हललेलं गवत. एवढा पसारा डोळ्यांनी कोण बघणार, म्हणून फोटो वेगळे करायला आणि पट्टे जुळवायला सॉफ्टवेअर वापरलं. जगातला सगळ्यात मोठा कॅमेरा ट्रॅप सर्व्हे म्हणून गिनीज बुकात नोंद झाली.

आता तुम्ही म्हणाल, सगळे वाघ काही कॅमेऱ्यात येणार नाहीत, मग एकूण आकडा कसा काढतात? सोपं आहे. समजा, पुंडलिकनगरच्या चौकातल्या वडापावच्या गाडीवर आज संध्याकाळी मी ५० गिऱ्हाइकांचे फोटो काढले. उद्या परत ५० जणांचे काढले. त्यातले १० चेहरे कालचेच निघाले. म्हणजे कालचे ५० हे एकूण गिऱ्हाइकांच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढे. एकूण गिऱ्हाइकं झाली २५० च्या आसपास. तेच चेहरे जास्त वेळा परत आले तर एकूण संख्या कमी, नवे चेहरे येतच राहिले तर जास्त. खरं गणित यापेक्षा पुष्कळ अवघड असतं, पण मुळातली युक्ती हीच. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्राचा आकडा ४४४ आला, २०१८ मध्ये तो ३१२ होता.

आकडा वाढला की प्रश्न येतो, हे नवे वाघ जाणार कुठे? इथे आपला जिल्हा गोष्टीत येतो. मार्च २०२१ मध्ये गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात, म्हणजे आपल्या कन्नड-चाळीसगावच्या डोंगरात, कॅमेरा ट्रॅपमध्ये चक्क वाघ आला. बिबट्या नाही, पट्टेरी वाघ. कित्येक दशकांनंतर. पट्टे जुळवून बघितले तर पाहुणा निघाला यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली तरी तीनशे किलोमीटरहून जास्त अंतर. वाघ काही सरळ रेघेत चालत नाही. आणि मधे काय आहे? सलग जंगल नाही. कापूस आहे, तूर आहे, रेल्वे आहे, महामार्ग आहेत, गावं आहेत.

तो कसा आला असेल? कॅमेरा इथे हात टेकतो. कॅमेरा जिथे बांधलाय तिथलंच सांगतो. दोन बिंदू मिळाले, टिपेश्वर आणि गौताळा, मधली रेषा कोरी. ती रेषा मिळते कॉलरमधून.

कॉलरबद्दल एक गैरसमज आधी काढून टाकू, कारण हा इंजिनिअर लोकांनासुद्धा असतो. जीपीएस फक्त ऐकतो. वरच्या उपग्रहांचे सिग्नल ऐकून 'मी कुठे आहे' एवढं तो ठरवतो, कुणाला सांगत नाही. तुमच्या झोमॅटोवाल्याचा ठिपका हलताना दिसतो तो मोबाइल इंटरनेटमुळे. वाघाच्या कॉलरमध्ये जीपीएस वेगळा आणि माहिती बाहेर पाठवणारा रेडिओ वेगळा, तो उपग्रहाकडे पाठवतो. आणि सगळा खेळ बॅटरीचा. वाघाला रात्री चार्जिंगला लावता येत नाही! दर मिनिटाला ठिकाण नोंदवलं तर बॅटरी झटपट संपेल, दिवसातून एकदा नोंदवलं तर मधलं काहीच कळणार नाही. बॅटरी मोठी घ्यावी तर वजन वाढतं, आणि कॉलर जनावराच्या वजनाच्या मानाने अगदी हलकी असायला हवी. वर जीपीएस बंद पडला तरी शोधता यावं म्हणून कॉलरमधून साधा 'टिक टिक' असा रेडिओ सिग्नलही जातो. तो पकडायला माणूस हातात जुन्या दूरदर्शनच्या अँटेनासारखा अँटेना घेऊन टेकडीवर उभा राहतो, गोल फिरवतो, आवाज सगळ्यात मोठा कुठून येतो बघतो. मग दुसऱ्या टेकडीवर जाऊन तेच. दोन दिशा जिथे छेदतात तिथे वाघ. दरीत सिग्नल कड्यावर आपटून फसवतो, तेव्हा घामटा निघतो.

तर टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ. कागदावरचं नाव टीडब्ल्यूएलएस टी-१ सी-१. म्हणजे टिपेश्वर अभयारण्यातल्या टी-१ वाघिणीचा पहिला बछडा. आमच्या भाषेत पूर्ण प्रायमरी की! लोकांनी त्याचं नाव पुढे 'वॉकर' ठेवलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या बिलाल हबीब यांच्या टीमने त्याला कॉलर लावली. टिपेश्वर केवढं? दीडशे चौरस किलोमीटरच्याही आतलं. वयात आलेल्या नर वाघाला तिथे जागा मिळाली नाही की बाहेर पडावंच लागतं. जून २०१९ मध्ये हा निघाला.

आणि मग नकाशावर जी रेघ उमटली ती बघून लोक चक्रावले. यवतमाळमधून तेलंगणात आदिलाबादकडे, परत महाराष्ट्रात, नांदेड, हिंगोली, वाशिम, अकोला असं करत डिसेंबर २०१९ च्या सुरुवातीला तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोपर्यंत तेराशे किलोमीटर झाले होते. नंतरचं हिंडणं धरून नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर. पाच हजारांहून जास्त ठिकाणं नोंदली गेली. एप्रिल २०२० मध्ये त्याची कॉलर काढली.

आकड्यातली एक बारीक गोष्ट. कॉलर साधारण तासाला एक ठिकाण नोंदवायची. दोन ठिकाणांमधलं अंतर आपण सरळ रेघेने मोजतो. त्या तासाभरात वाघ ओढ्याकाठून वळून, झुडपाला वळसा घालून गेला असेल तर ते मोजलं जात नाही. म्हणजे तीन हजार ही खालची बाजू धरा.

पण मला तीन हजारपेक्षा दुसरा आकडा मोठा वाटतो. सात जिल्हे आणि वर तेलंगणा, एवढ्या वस्तीतून गेला, आणि माणसाला इजा किती? एक. तीही तो झुडपात पडला होता आणि माणूस तिथे शिरायला गेला तेव्हा. बाकी रात्री चालायचं, दिवसा दडून राहायचं. रानडुक्कर मारायचं, अधूनमधून एखादं जनावर. हा जून ते नोव्हेंबरचा काळ बघा, कपाशी आणि तूर माणसाला झाकेल एवढी वाढलेली असते. वाघासाठी ते शेत नाही, आडोसा आहे. त्या रेषेखाली ज्यांची शेतं होती त्यातल्या कितीतरी जणांच्या बांधावरून वाघ गेला आणि त्यांना पत्ताही नाही. दिसला असता तर बिंदू झाला असता, गर्दी झाली असती, काठ्या निघाल्या असत्या.

बिबट्याची रेषा तर याहून जवळून गेली. 'आजोबा' सिनेमा काहींनी बघितला असेल, २०१४ चा, उर्मिला मातोंडकरचा. तो खऱ्या बिबट्यावरून घेतलाय. २००९ मध्ये नगर जिल्ह्यात पारनेरजवळ टाकळी ढोकेश्वरला एक मोठा नर बिबट्या विहिरीत पडला. वनविभाग आणि संशोधक विद्या अत्रेय यांच्या टीमने त्याला बाहेर काढून कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडला. सगळ्यांना वाटलं, आता राहील घाटातल्या जंगलात. हा पठ्ठ्या चालायला लागला तो वसईपर्यंत गेला, कारखाने आणि रेल्वेच्या जवळून, वसईची खाडी पार करून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. जवळपास सव्वाशे किलोमीटर. वाटेत कोणावर हल्ला नाही. डिसेंबर २०११ मध्ये मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेत तो मेला, तेव्हा शरीरातल्या चिपवरून कळलं की हा आजोबा.

आता उल्कानगरीतल्या "पकडा आणि लांब सोडून या" या मागणीकडे परत बघा. जुन्नरमध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून झालंय. २००१ च्या सुमारास तिथे बिबटे पकडून जंगलात नेऊन सोडायचं सत्र सुरू झालं. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी पुढे आकडेवारी तपासली. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले व्हायचे, ते बिबटे सोडायला लागल्यावर १७ वर गेले. कमी नाही, चौपट! कारणं समजायला अवघड नाहीत. बिबट्याला आपला इलाका पाठ असतो: पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसं कधी बाहेर असतात. त्याला अनोळखी जागी टाकलं की तो परतीची वाट धरतो, नको त्या वस्तीतून जातो, बिथरलेला असतो. आणि इथे रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा, नवखा बिबट्या येऊन बसतो.

अकोले तालुक्यात त्यांनी उसाच्या, शेतीच्या पट्ट्यात कॅमेरे लावले, जंगलात नाही. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. १०० चौरस किलोमीटरला साधारण पाच मोठे बिबटे. म्हणजे तिथले बिबटे वाट चुकून आलेले पाहुणे नव्हतेच, तिथले रहिवासी होते. माणसं त्यांच्या आसपास झोपत-उठत होती.

याचा अर्थ बिबट्या म्हणजे मोती कुत्रा, असं मी म्हणत नाहीये. जुन्नर-शिरूर पट्ट्यात लहान मुलं गेलीत, ज्यांच्या घरचं लेकरू गेलं त्यांना हे ग्राफ दाखवायला मी जाणार नाही. रात्रीची थ्री फेज लाइट आली म्हणून पाणी द्यायला उसात जाणाऱ्या माणसाची भीती खरी आहे. उलट रेषा माहीत असण्याचा उपयोग त्यालाच जास्त. कोणत्या ओढ्याने जनावर रोज ये-जा करतं हे कळलं तर तिथली शेतीची वीज दिवसा देता येते, गोठ्याला जाळी बसवता येते, कोणत्या वाटेने पोरांनी अंधारात जायचं नाही हे सांगता येतं. नुसत्या पिंजऱ्याने यातलं काही होत नाही.

रस्त्यांचंही तेच. नागपूर-जबलपूर मार्गावर, एनएच-४४ वर, पेंचच्या जंगलातून रस्ता उचलून खाली जनावरांना वाट ठेवली. वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावून बघितलं, तर १८ जातींचे प्राणी खालून जात होते, त्यात ११ वेगवेगळे वाघ. आपल्या समृद्धीवरही ओव्हरपास-अंडरपास दिलेत. ते नेमके कुठे हवेत हे वॉकरसारख्यांची रेषा सांगते, ऑफिसातला नकाशा नाही.

आता शेवटचा मुद्दा, हा माझ्या धंद्यातला. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाच्या एका वाघाला कॉलर होती. त्याची ठिकाणं ज्या शास्त्रज्ञाच्या ईमेलवर यायची, त्या अकाउंटमध्ये कोणीतरी शिरायचा प्रयत्न केला. लॉगिन कुठून? पुण्यातून! सर्व्हरने वेळेत अडवलं, माहिती गेली नाही. वर ती साध्या डोळ्यांनी वाचता येईल अशी नव्हतीच. पण विचार करा, वाघ कुठे झोपलाय हे तासातासाला सांगणारी फाइल शिकाऱ्याच्या हातात पडली तर काय होईल.

आणि ती फाइल आपणच फुकट वाटत असतो. ताडोब्यात काढलेला फोटो लोकेशनसकट इन्स्टावर. शेतात दिसलेल्या बछड्यांची रील, खाली गावाचं नाव, गट नंबर टाकायचा तेवढा बाकी. बछडी उसात दिसली म्हणजे आई शिकारीला गेलीय, रात्री येऊन घेऊन जाईल. तिथे दोनशे माणसं जमली की ती येत नाही, किंवा येते ती चिडून येते.

तर ठसा दिसला तर काय करायचं? पायाने पुसू नका, त्यावर उभे राहू नका. शेजारी एक नाणं किंवा पेन ठेवा, मोबाइल अगदी वरून सरळ धरा, तिरका नको, आणि फोटो घ्या. एकच ठसा नको, पुढचे चार-पाच मिळतात का बघा, कोणत्या दिशेला चाललेत ते टिपा, वेळ लिहा. आणि ग्रुपवर टाकायच्या आधी १९२६ ला फोन करा, ही महाराष्ट्र वनविभागाची हेल्पलाइन आहे. खुद्द जनावर दिसलं तर पाठ दाखवून पळू नका, मागे मागे सरका, त्याला निघायला वाट मोकळी ठेवा. लहान मुलं सोबत असतील तर उचलून घ्या. लाइव्ह नंतर करा.

एका श्रोतीने विचारलंय की वाघाला बेशुद्ध करायचं इंजेक्शन किती वेळात चढतं आणि सिनेमात दाखवतात तसा तो लगेच धपकन पडतो का. पडत नाही. पुढच्या भागात तेच घेऊ.